तिरपी वायर

— नाही, चपला राहू दे पायात, काढू नकोस. घराच्या स्वच्छतेचं मी बघून घेईन, तू आधी धडधाकट राहा. आणि आजोबा काय म्हणतोस रे, तुझं स्वतःचं अर्धं डोकं पांढरं झालंय, काका म्हण. सकाळी दहाला येतो म्हणाला होतास, आता वाजले किती — अडीच. तुम्हा वायरमन लोकांच्या घड्याळात सेल कोण घालतं तेच कळत नाही. बरं, आलास ते आलास. असा इकडून ये, ते पोतं ओलांड — सिमेंटचं आहे, उरलंय, टाकवत नाही — आणि हे बघ बाथरूम. कसं आहे? नवं कोरं आहे. खाली खरबरीत फरशी, भिंतीला गुळगुळीत, कमोड नवा, नळ नवे, आरसासुद्धा नवा, त्यात माझं तोंड तेवढं जुनं दिसतं. आणि ती कमोडच्या बाजूला स्टीलची दांडी दिसतेय ना — हां, तिला हात लावू नकोस. लांबून बघ. तिच्यातच करंट येतोय.

कशाने म्हणजे काय, फरशीवाल्याने. दुसरं कोण आलंय इथे? अठरा दिवस होता. आठ बाय पाचचं बाथरूम आणि अठरा दिवस. एक फरशी लावायची, दोन पावलं मागे सरायचं, आणि मान वाकडी करून तिच्याकडे असं बघायचं जशी काही लेक सासरी चाललीय. मग कानाला फोन. मग परत एक फरशी. त्यात कधीतरी छिन्नी घातली असणार आतल्या वायरीत, आणि वरून सिमेंट फासून मोकळा झाला. मी म्हणतो, चुकलं तर चुकलं म्हणावं माणसाने, लपवायचं कशाला? — फ्यूज? नाही गेला. जाणार कसा, मी त्यात जाडी तार घातलीय, तो कधीच जात नाही. तोंड असं काय करतोस? पूर्वी दर आठवड्याला उडायचा, आता उडत नाही, ह्यात वाईट काय झालं?

तर काम दोन मिनिटांचं आहे. जिथे वायर उघडी पडलीय तिथे काळी टेप मार आणि मोकळा हो. पाचच्या आत व्हायला पाहिजे, एवढंच. पाच वाजता पोरगी येतेय, हिला घेऊन. ही म्हणजे माझी बायको, तुझी काकू. अडीच महिने झाले पोरीकडे आहे. पडली ना ती. इथेच पडली, आधीची फरशी होती तेव्हा — खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी घातलीय. मी तेव्हा खाली होतो, शेजाऱ्याशी भांडत, त्याची स्कूटर आमच्या जिन्याला टेकते म्हणून. पाऊण तास भांडलो. चांगलं झालं भांडण, तो शेवटी गप्प बसला. वर आलो आणि बघतो तर ही — जाऊ दे. अकरा वर्षं म्हणत होती, अहो, ही फरशी बदला, पाय सरकतो. मी म्हणायचो, पाय नीट उचलून टाक. गमतीने म्हणायचो. तिला हसू यायचं नाही कधी, तो भाग वेगळा.

आता पोरगी शाळेत मुख्याध्यापिका. तिने मला सरळ सांगितलं, बाबा, मी येऊन बाथरूम बघणार, नीट असेल तर आई तिथे राहील, नाहीतर तशीच गाडीत बसवून परत नेणार आणि मग कायमची माझ्याकडेच. तुम्हीही चला म्हणाली. मी कशाला जाऊ? तिच्याकडे टीव्ही बघतानासुद्धा पाठ सरळ ठेवून बसावं लागतं. आणि ही काय म्हणाली म्हणतोस? काही नाही म्हणाली. फोनवर विचारलं, तुला यायचंय की नाही, तर नुसतं, बघू. बघू म्हणजे काय रे? चव्वेचाळीस वर्षं संसार केल्यावर बघू म्हणजे काय? म्हणून म्हणतो, आज हे बाथरूम पास व्हायला पाहिजे. लाव तुझा टेस्टर.

पेटला? पेटणारच. मघापासून मी काय गाणं म्हणतोय?

दांडी कोणी बसवली ह्याच्याशी तुला काय करायचंय? तू वायरीचं बघ. बरं, पण दांडी एकदा बघून घे, काम आहे ते. बाजारात मिळते ती काय दांडी असते? तिच्यावर टॉवेलसुद्धा विचारून टाकावा लागतो. ही मी बनवलीय. चाळीस वर्षं गेट आणि ग्रिलचं वर्कशॉप होतं माझं. माझं एक गेट अजून उभं आहे, त्याला ट्रक धडकला तर ट्रकचं नाक चेपलं, गेट आहे तिथेच. दीड इंची पाइप घेतला, हिच्या हाताच्या मुठीत बसेल असा — माप होतं माझ्याकडे, तिच्या बांगडीवरून काढलं — दोन्ही टोकांना पट्ट्या वेल्ड केल्या, घासून घासून अशी केली की बोट फिरवलं तर जोड कळायचा नाही, आणि प्रत्येक पट्टीला चार चार स्क्रू, तीन इंची. हत्ती लोंबकळला तरी निघायची नाही. ड्रिल मारलं तर भिंत अशी लोण्यासारखी — काय? हो, ड्रिल मीच मारलं. फरशीवाला गेल्यावर, गुरुवारी. त्याला कुठे जमणार होतं? पण म्हणून करंट माझा होत नाही. करंट त्याचाच.

वायर कुठून जाते ते मला विचार, दुसऱ्या कोणाला माहीत असणार? मीच टाकलीय. गीझर घेतला तेव्हा, एकतीस वर्षं झाली. बोर्ड तिकडे दाराशी खाली, गीझर ह्या कोपऱ्यात वर. तुम्ही लोक काय करता, सरळ उभी न्यायची आणि मग आडवी वळवायची. कशाला? मी तिरपी टाकली. तिरपं अंतर कमी पडतं की नाही? चौथीत शाळा सोडली मी, पण एवढं कळतं. पाइप? पाइप कशाला घालायचा, वायर काय पळून जाणार होती? प्लास्टरमध्ये दाबली, वरून फरशी. मध्ये एक जोड आहे, त्याला कापडी पट्टी गुंडाळलीय, तेव्हा तीच मिळायची. एकतीस वर्षं गीझर चालला, कोणाला साधी मुंगी आली नाही. आणि मला पक्कं माहीत होतं की वायर ह्या दांडीच्या हातभर वरून जाते. हातभर. माझी वायर, मला नाही आठवणार? म्हणून तर मी बिनधास्त —

म्हणजे फरशीवाल्यानेच ती खाली सरकवली असणार.

फोटो कसला? हां, काढला होता त्याने, भिंत उघडी होती तेव्हा. तो सारखा फोटोच काढायचा. पाठवलाय म्हणाला माझ्या फोनवर. हा घे, तूच बघ, मला फोन उचलण्यापलीकडे त्यातलं काही येत नाही. — तिकडे नको जाऊस, ते पोरीचं आहे. अरे, ते मी नाही लिहिलं, ते आपोआप गेलं असणार. कधी येनार. हो, तसंच लिहितात. नऊ वेळा? मग नऊ वेळा आपोआप गेलं असेल, मशीन आहे ते. तू फरशीवाल्याचं काढ. — थांब, चष्मा लावतो. ही आमची भिंत, हा बोर्डाचा खड्डा, आणि ही माझी वायर अशी वर… वर… हे इथे खाली काय वळलीय? ही कुठे चाललीय? — हा दगड. अरे हां. इथे दगड लागला होता, फुटेना, छिन्नीचं टोक मोडलं माझ्या, ही दारात उभी राहून म्हणाली जेवण गार होतंय, तर म्हटलं मरू दे आणि वायर खालून वळवून घेतली. खालून. आता आठवलं बघ. चेहऱ्यासकट आठवलं. साडी कोणती होती तेसुद्धा सांगतो, आणि वायर तेवढी विसरलो.

खाली काय लिहिलंय त्याने? नको, मी वाचतो, मला येतं. का-का. लाल. खडूची. रेघ. आहे. तिथे. ड्रिल. मारू. न-का.

…बरोबर लिहिलंय. अक्षर चांगलं आहे. — टाइप केलंय का? बरं.

म्हणाला होता तो तोंडानेही. खोटं कशाला बोलू? म्हणाला, काका, ही वायर काढून नवी घ्या, भिंत उघडी आहे तोवर, वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम. मी म्हटलं, तू फरशी लाव. माझ्या हातची वायर आहे, तुझ्या वयाइतकी, तू मला शिकवू नकोस. तर त्याने खडूची रेघ मारली, फोटो काढला आणि फरशी लावायला घेतली. गुणी माणूस आहे तसा. अठरा दिवस लागले ते काही त्याच्यामुळे नाही लागले, आठ दिवसांतच होत आलं होतं त्याचं. मी पाच-सहा फरश्या काढून परत लावायला लावल्या. वाकड्या होत्या का? नव्हत्या. पण चार वाजता तो इथे उंबऱ्यावर बसून चहा प्यायचा, त्याच्या सासूच्या तक्रारी सांगायचा, फार मजेदार बाई आहे ती. घरात कोणी ठोकत असलं की बरं वाटतं रे. तो गुरुवारी गेला आणि — हे तुला कशाला सांगत बसलोय मी? तू उपाय सांग.

सहा फरश्या? सहा फोडायच्या? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पावणेतीन वाजले, पाचला तपासणी आहे, आणि तू भिंतीला भगदाड पाडून ठेवणार. आणि सगळी वायर नवी, पाइपातून, सरळ — म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत. वा. आणि मी पोरीला काय दाखवू, खड्डा? ऐक, दुसरं काहीतरी काढ. दांडीला रबर गुंडाळू या. सायकलची ट्यूब आहे माझ्याकडे, दोन थर देतो, करंटच्या बापालाही बाहेर येता येणार नाही. नको? का नको? भिंतीला ओल आली की करंट फरशीतही येईल. बरं, मग असं कर, बोर्डातून ती वायर सोडवून ठेव, मेलेली राहू दे भिंतीत. हे तर चालेल ना? — तुला वाटतं तू गेल्यावर मी ती परत जोडेन? मी? मला काय वेडा समजतोस? पोरगी आल्या आल्या पहिलं गीझरचं बटण दाबणार, आणि लाल दिवा लागला नाही तर —

हो. जोडेन. बरोबर ओळखलंस. फक्त पाच वाजेपर्यंत जोडली असती, पण जोडली असती.

अरे, सामान कुठे भरतोस? ए, ठेव ती पिशवी खाली. असं काम करणार नाही म्हणजे काय, गिऱ्हाईक मी आहे की तू? चांगला तिरसट दिसतोस. माझ्याच वळणाचा आहेस. बस जरा त्या पोत्यावर. मला एक सांग, एवढा काही करंट नाहीये तो, तू उगाच बाऊ करतोस. मला मुंग्या आल्या, एवढंच. हाताला, इथपर्यंत.

…खांद्यापर्यंत.

बरं, मुंग्या नव्हत्या. सकाळी म्हटलं, एकदा हिच्यासारखं करून बघू, तिला उठताना कसं वाटेल ते कळेल. बसलो कमोडवर, असा म्हाताऱ्यासारखा — म्हाताऱ्यासारखा म्हणजे तिच्यासारखा — आणि दांडी धरली. उठायच्या ऐवजी गेलो तो तिकडे, बादलीपाशी. छाती अशी धडधडायला लागली, बोटं उघडेनात. किती वेळ पडलो होतो कोणास ठाऊक. वर छताला फरशीवाल्याचा पांढऱ्या सिमेंटचा एक थेंब राहिलाय, तो बघत होतो. म्हटलं, आता हाक कोणाला मारायची? मग म्हटलं, हिने कोणाला मारली असेल? पाऊण तास. — असो. उठलो मग. मला काय झालंय? बघ, टणटणीत आहे.

कशामुळे वाचलो? ही चप्पल? ह्या जुनाट चपलेमुळे? आणि अंग कोरडं होतं म्हणून. हां. असं असतं होय.

तुझी काकू चप्पल घालत नाही आत. डॉक्टरांनी सांगितलंय, ओल्यात चप्पल नको, अनवाणीच जायचं, म्हणून तर खरबरीत फरशी घेतली. आणि हात ओले असणार तिचे. आणि ती एका हाताने नाही धरत अजून, भीती बसलीय तिला — मी बघितलंय पोरीकडे, काहीही धरायचं तर दोन्ही हातांनी धरते. दोन्ही हातांनी. आणि मी बाहेर उभा असणार, शहाणा. म्हणत असणार, धर गं, घाबरू नकोस, मी बसवलीय.

…

आहे, इथेच आहे मी. तू काय बघतोस?

फोड. सहा नाही, आठ फोड, दहा फोड, काय लागतील त्या फोड. उरलेल्या फरश्या आहेत पलंगाखाली, फरशीवाला म्हणाला होता जपून ठेवा, तेवढं एक ऐकलं मी. आधी मेन बंद कर. फ्रिजमधलं खराब होईल — होऊ दे, आहे काय त्यात, अर्धा लिंबू आहे. आणि त्या फ्यूजमध्येही जी काय तार घालायची ती घाल, बारकी. तो नवीन खटका असतो ना, जरा काही झालं की पडतो, तोही बसव. चिडका असला तर असू दे. दांडी मी सोडवतो — टेस्टर लाव परत, मेला ना करंट? — आठ स्क्रू आहेत, घट्ट आहेत, मी बसवलेत. हा एक. हा दुसरा. हा बघ, ह्याच्या टोकाला तांबं लागलंय. बघ कसं चमकतंय. ठेव हा इकडे, खिशात ठेवतो. — कशाला म्हणजे? ठेवतो.

ठोक आता. जरा हळू, शेजारी येईल. नाही, जोरात ठोक, येऊ दे त्याला.

कोण आलं? दार वाजलं ना? सव्वाचार तर होतायत. पाच म्हणाली होती. तपासणीला येणारे लोक कधी सांगितलेल्या वेळेवर येत नाहीत बघ. हे ऐक, तिने विचारलं तर सांग की फरशीवाल्याने — नको. काही सांगू नकोस. तू तसाही बोलत नाहीस. ठोकत राहा.

— आलीस? पोरगी कुठाय? गाडी लावतेय. बरं. सावकाश, काठी आधी टेक, मग पाय. धूळ आहे, हो. आवाज तो — फोडतोय. काल झालं होतं, चांगलं झालं होतं, तू बघायला पाहिजे होतंस. आज फोडतोय. ऐक, फरशीवाल्याची चूक नाही. ह्याचीही नाही, हा वायरमन आहे, हा आत्ता आलाय, दहाला येणार होता पण ते जाऊ दे. मी केलं. गीझरची ती वायर, दगडाखालून वळवलेली, तू जेवायला बोलवत होतीस तेव्हाची — तिच्यातच मी स्क्रू मारला. तुझ्यासाठी दांडी केली होती, तिचा. फरशीवाला सांगत होता मारू नका, लिहून दिलं होतं त्याने. तू ती दांडी धरली असतीस तर — धरली असतीस तर वाईट झालं असतं. म्हणून बाथरूम नाहीये. उद्या संध्याकाळपर्यंत तरी नाहीये. पोरगी वर आली की तुला घेऊन जाईल, आणि तिचं बरोबर आहे, मी भांडणार नाही. आणि त्या जुन्या फरशीचंही. तुझं बरोबर होतं. अकरा वर्षं बरोबर होतं.

काय? रे, ठोकणं थांबव जरा. ही काहीतरी बोलतेय. — काय म्हणालीस?

खुर्ची? कोणती, हातांची? आणतो. इथे, बाथरूमच्या दारात? धूळ उडेल तुझ्या — बरं, बरं, दारात. ही घे. बस. दोन्ही हात टेकून बस, हां. — ही तुला विचारतेय, नवी वायर सरळ टाकणार ना? सांग रे तिला. पाइपातून, हो. सरळ. — आणि तू अंघोळीला काय करणार? स्वयंपाकघरात, मी पाणी तापवून देईन. बॅग? गाडीत आहे का? पोरीला खिडकीतून सांगतो, वर आण म्हणून. एकच ना? — दोन्ही? दोन्ही बॅगा?

मी काय बोललो आता? मी कुठे काय — बरं. बरं, बसतो गप्प.

ऐकलंस ना रे वायरमन? यापुढे काय विचारायचं ते हिला विचार.